फ्युएल पंपाचं लफडं: ऐन पावसाळ्यात केलेल्या कामाच्या नोंदी

गाडी २०१८ ची, सिंगल सिलिंडर, दोनशे सीसीच्या वरची, फ्युएल इंजेक्शनवाली (म्हणजे जुन्या कार्ब्युरेटरऐवजी पंपाने प्रेशरखाली पेट्रोल देणारी), टाकी पत्र्याची. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही, कारण ही भानगड कुठल्याही इंजेक्शन गाडीत होऊ शकते. टाकीच्या पोटात पंप, त्याच्या तोंडाला जाळी, शेजारी प्रेशर रेग्युलेटर, बाहेर फ्यूज आणि रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच संसार. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, लागू झालं आणि शंभर सीसीच्या गाड्यांतही हा पंप आला, पण गल्लीतले बरेच मिस्त्री अजून कार्ब्युरेटरच्या हिशोबानंच विचार करतात. म्हणून म्हटलं, जे केलं ते तारखेवार लिहून ठेवावं. काम घरीच, कोल्हापुरात, पोर्चमध्ये, वर पत्रा आणि बाहेर धो धो.

५ जुलै २०२५, शनिवार

गगनबावड्याला निघालो होतो. कळे गावापर्यंत काही नाही, साळवणच्या पुढे चढ लागला आणि थ्रॉटल जास्त पिळला की गाडी झटके द्यायला लागली, अगदी रिझर्व्हला आल्यावर देते तशी, आणि टाकी तर अर्ध्याच्या वर भरलेली. मग थोडं पुढं जाऊन बंदच. सेल्फ मस्त फिरतोय, लाइट हॉर्न सगळं ठणठणीत, पण गाडी काही पकडेना.

इथे एक गोष्ट लक्षात आली. चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद जो 'झुंईऽऽ' आवाज टाकीतून येतो तो येतच नव्हता. चावी बंद-चालू केली, नाही. टाकीला खालच्या बाजूने तळहाताने दोन रट्टे दिले आणि परत चावी दिली तर झुंई आला आणि गाडी लगेच चालू. थ्रॉटल हलका ठेवून परत फिरलो, वाटेत एकदा परत बंद पडली, थांबून पंधराएक मिनिटांनी चालू झाली.

थंड झाल्यावर चालते आणि रट्टा दिल्यावर चालते, हे दोन्ही असेल तर संशय पंपाच्या मोटरवर जातोच. पण लूज कनेक्शनसुद्धा अगदी हेच नाटक करतं. त्यामुळे लगेच पंप मागवला नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी, घरात उपवास, साबुदाण्याची खिचडी खाऊन कामाला बसलो. आधी फुकटातल्या तपासण्या.

किल स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करून बघितला, पावसात त्याचे पॉइंट हिरवे होतात. ठीक होता. साइड स्टँडचा स्विच ठीक. गाडी आडवी पडली की पंप बंद करणारा सेन्सर असतो, तो नीट बसलाय का बघितलं, त्याचा स्क्रू सैल असेल तर खड्ड्यात गाडी बंद पडते असं मिस्त्रीमामांनी फोनवर सांगितलं. तो पण घट्ट.

चेक इंजिनचा दिवा या सगळ्या प्रकारात एकदाही लागला नाही. यावरून 'म्हणजे पंप चांगला' असं समजू नका. माझ्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नाही, मग ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळणार कुठून की प्रेशर पडलंय. त्याला रिलेची वायर तुटली तर कळेल, पंप दमला तर नाही.

फ्यूज काढून बघितला. नुसता 'तुटलेला नाही' एवढंच बघू नका, त्याचे दोन पाय तपकिरी पडलेत का, सॉकेट ढिलं झालंय का तेही बघा. माझा चांगला होता. रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे रेडिएटरच्या फॅनचा रिले त्याच नंबरचा आहे, दोन्हींची अदलाबदल केली. फरक शून्य, म्हणजे रिले निर्दोष.

टाकीचं झाकण उघडून बघितलं, व्हॅक्यूम धरून बसलेली असेल तर 'फुस्स' आवाज येतो. आला नाही. झाकणाभोवतीच्या खोबणीत मात्र पाणी साचलेलं होतं. कपड्याने टिपलं आणि विसरून गेलो. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संध्याकाळी मामा येऊन गेले. पंप मागवू का विचारलं तर म्हणाले, "पंपाचं नंतर बघ की, आधी त्याच्यापर्यंत करंट पोचतोय का बघ. मोटर बिचारी उपाशी असंल तर काय करणार?"

८ जुलै, मंगळवार

ऑफिसमधून आल्यावर मल्टिमीटर घेऊन बसलो. टाकी मागून उचलून खाली लाकडाचा ठोकळा दिला, पंपाचं कनेक्टर दिसलं. कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूला मीटर लावलं, चावी ऑन, १२.३ व्होल्ट. बहुतेक जण इथे थांबतात आणि 'सप्लाय ओके, पंप खराब' म्हणून मोकळे होतात.

पण हा आकडा फसवा. मीटर काही करंट ओढत नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी १२ व्होल्ट दाखवतो. कनेक्टर जोडलेलं ठेवून, मागच्या रबरातून बारीक टाचणी पिनेला टेकवून मोजलं तर पंप चालू असताना ९.१ व्होल्ट! बॅटरीवर त्याच वेळी १२.२. म्हणजे तीन व्होल्ट वाटेत गायब.

कुठे गायब ते शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या अर्थ वायरला लावली, पंप चालू असताना १.९ व्होल्ट. चांगल्या वायरिंगमध्ये हा आकडा पाव व्होल्टच्या आत पाहिजे. उरलेले पॉझिटिव्हच्या बाजूला. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंदच चालतो आणि तेवढ्यात मोजायची धांदल होते, म्हणून रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्यूज लावलेल्या वायरच्या तुकड्याने जोडायच्या, पंप सलग चालतो. गाडीप्रमाणे नंबर वेगळे असू शकतात, मॅन्युअल बघा, आणि हे करताना टाकीचं झाकण बंद पाहिजे.

कनेक्टर उघडल्यावर अर्थची पिन पूर्ण हिरवी, आणि पॉझिटिव्हची फिमेल पिन फाकलेली. काँटॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशने घासलं, फाकलेली पिन टाचणीने जवळ आणली, अर्थची पिन वाचण्यासारखी नव्हती म्हणून कापून नवीन क्रिंप केली आणि वर हीट श्रिंक. आता पंपावर ११.८. झुंई प्रत्येक वेळी, आवाजही आधीपेक्षा खणखणीत.

३२० रुपयांच्या क्लीनरवर भागलं म्हणून खूश होऊन झोपलो.

१२ जुलै, शनिवार

भागलं नव्हतं. पन्हाळ्याकडे ट्रायलला गेलो, सपाटीला गाडी छान, वाघबीळच्या चढाला परत तेच झटके आणि बंद. फरक एवढाच की आता झुंई येत होता तरी गाडी पकडत नव्हती. उतारावर न्यूट्रलमध्ये केर्लीपर्यंत आलो, पुढे मित्राने त्याच्या गाडीवरून पाय लावून घरापर्यंत आणलं. ओल्या रस्त्यावर हे पाय लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, टेम्पो परवडला.

तर दोन दोष एकावर एक होते. वायरिंगचा दोष खराच होता आणि तो काढणं गरजेचंच होतं, नाहीतर नव्या पंपालाही नऊ व्होल्टवर राबावं लागलं असतं. पण आवाज आला म्हणजे प्रेशर आलं असं नाही.

१३ जुलै, रविवार

मामांच्या ओळखीच्या गॅरेजमधून प्रेशर गेज उसनं आणलं. पेट्रोल पाइप काढायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करायचा प्रयत्न करायचा, पाइपमधलं प्रेशर निघून जातं, तरी वर फडकं गुंडाळूनच काढायचा, डोळ्यात उडतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. आणि ते क्विक रिलीजचं प्लास्टिकचं लॉक सात वर्षांनी बिस्किटासारखं झालेलं असतं, पेचकसने उचकटू नका, दोन्ही बाजूंनी बोटाने दाबून ओढा.

गेज मध्ये जोडलं. मॅन्युअलप्रमाणे २९४ किलोपास्कल पाहिजे, म्हणजे साधारण तीन बार. गाडी थंड असताना २.२ आलं, दहा मिनिटांनी १.६ वर घसरलं, आणि चावी बंद केल्याबरोबर काटा धाडकन शून्यावर. चांगल्या पंपात बंद केल्यावरही प्रेशर काही वेळ टिकतं, आतला चेक व्हॉल्व्ह ते धरून ठेवतो.

फ्यूजच्या जागी मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून करंटही बघितला. कधी सहाच्या वर, मध्येच एकदम शून्य, परत पाच. चांगला पंप तीन-चार अँपिअर स्थिर घेतो. एवढं झाल्यावर पंप बाहेर काढायला काही हरकत नव्हती.

पेट्रोल आधी काढून घेतलं, हातपंपाच्या नळीने, तोंडाने ओढायचा शहाणपणा करू नका. मोबाइल घरात, देवघरातला दिवा शांत झाल्याची खात्री करून, पोर्चची दोन्ही दारं उघडी. टाकी उतरवून जुन्या गोधडीवर उलटी ठेवली, पंप ज्या प्लेटवर बसतो तिचे सहा बोल्ट समोरासमोर असे थोडे थोडे सैल केले आणि पंपाची असेंब्ली तिरकी करून बाहेर घेतली. तिरकी का, तर पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट बाजूला आलेला असतो, सरळ ओढला तर त्याची तार वाकते. माझी जराशी वाकलीच.

जाळी मूळची पांढरी असते. ही तपकिरी, आणि तिच्यावर चहाच्या चोथ्यासारखा थर. बोटाने चोळला तर बारीक रवाळ गंज. टॉर्च मारून टाकीत बघितलं, तळाला मागच्या कोपऱ्यात, जिथे स्टँडवर असताना सगळं येऊन साचतं, तिथे लालसर पट्टा.

काढलेलं पेट्रोल दोन पारदर्शक बाटल्यांत भरून रात्रभर ठेवलं.

१४ जुलै, सोमवार

सकाळी बाटल्यांच्या तळाला दोन बोटं वेगळा थर. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पांढुरकं. आता सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, तोपर्यंत काही कळत नाही. पाणी त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंपाची जाळी नेमकी तळाला. म्हणजे पंप पेट्रोल कमी आणि हे पाणचट मिश्रण जास्त पित होता, आणि तेच मिश्रण पत्र्याला गंज चढवत होतं.

कट्ट्यावर सगळ्यांचं एकच मत, ई-२० नेच पंप खाल्ला. माझं म्हणणं वेगळं आहे. इथेनॉलने जुन्या रबराचा त्रास वाढतो हे खरं, पण दोन बोटं पाणी पेट्रोल पंपावरून आलं असतं तर त्याच पंपावर भरणाऱ्या आमच्या घरातल्या स्कूटरलाही त्रास झाला असता. तिच्या टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलं, थर नाही. पाणी माझ्याच टाकीत कुठून तरी शिरत होतं.

मग झाकणाभोवतीचं ते साचलेलं पाणी आठवलं. त्या खोबणीत एक बारीक भोक असतं, तिथून एक नळी टाकीच्या आतून खाली जाते आणि पावसाचं पाणी इंजिनच्या मागे जमिनीवर सोडते. वरून पाणी ओतलं, खाली थेंब नाही. खालचं रबरी नळीचं टोक काढलं तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं! उन्हाळ्यात गाडी महिनाभर उभी होती तेव्हाचं असणार. सायकलच्या ब्रेकची जुनी तार घालून माती कोरून काढली, त्यात वाळलेल्या दोन अळ्या पण निघाल्या. पाणी भसकन खाली.

भोक बुजलं की पाणी खोबणीत साचतं, झाकणाचं रबर सात वर्षांचं, कडक झालेलं, तिथून थेंब थेंब आत. कोल्हापूरच्या जूनमध्ये रोज उघड्यावर गाडी. यापुढे हिशोब कुणीही करेल.

दुपारी भाव काढले. अख्खी असेंब्ली ६,८०० आणि तीन आठवडे वाट बघा. नुसती पंपाची मोटर, बाहेरच्या मेकची, १,२५०, जाळी २८०. पुण्यात नाना पेठेत ओळखीच्याला फोन केला, मोटर आणि जाळी दोन्ही स्टॉकला, एसटी पार्सलने येतील म्हणाला. असेंब्लीतला रेग्युलेटर, फ्लोट, प्लास्टिकची चौकट चांगली होती म्हणून नुसती मोटर घेतली. ज्यांच्या गाडीत चौकट चिरलेली असेल किंवा रेग्युलेटर गेला असेल त्यांनी असेंब्लीच घ्यावी, उगाच दोनदा टाकी उतरवण्यात अर्थ नाही. मोटर मागवताना जुन्याचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजून फोटो पाठवा, दिसायला सगळ्या सारख्याच दिसतात.

१६ जुलै, बुधवार

पार्सल येईपर्यंत टाकी साफ. किराणा दुकानातून एक किलो लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, १६० रुपये. आधी साबणाच्या पाण्याने पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुतली. पंपाचं तोंड पत्रा आणि रबर लावून बंद केलं, कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून टाकी काठोकाठ भरली, रात्रभर तशीच. काठोकाठ भरायचं कारण अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी ओतलं तर काळंकुट्ट पाणी. आत मूठभर नट टाकून हलवली, परत धुतली, खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, परत साधं पाणी. टॉर्चमध्ये पत्रा राखाडी, स्वच्छ. फोटो काढला आणि पंख्याखाली सुकायला ठेवून आंघोळीला गेलो.

परत येऊन बघतो तर आत सगळीकडे केशरी छटा. ॲसिडने उघडा पडलेला पत्रा आणि हवेत एवढा ओलावा, गंज धरायला तासभरही लागला नाही. उन्हाळ्यात हे काम केलं असतं तर उन्हात पंधरा मिनिटांत सुकली असती.

सगळं परत. फक्त यावेळी शेवटचं धुणं झाल्या झाल्या टाकी रिक्षात घालून शिवाजी उद्यमनगरला नेली. मामांच्या पाहुण्याचं लेथचं दुकान आहे तिथे, त्याच्या काँप्रेसरच्या हवेने कानाकोपऱ्यातून पाणी उडवून कोरडी केली आणि तिथेच अर्धा लिटर पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवलं. तेलाचा पातळ थर बसला की गंज थांबतो. पैसे विचारले तर चहा सांग म्हणाला. घाईत हेअर ड्रायर लावायचा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला होता. तापलेली तार आणि पेट्रोलची वाफ, अजिबात नको.

२० जुलै, रविवार

मोटर आली. जुन्या आणि नव्याचा व्यास एकच, लांबी दोन मिलिमीटरने कमी, खाली रबरी गादी होती ती बसवल्यावर जमलं.

मोटरपासून प्लेटपर्यंत जी छोटी नळी असते तिच्याबद्दल. जुनी नळी फुगून मऊ झालेली. दुकानात साधी पेट्रोल नळी चाळीस रुपयांत मिळते, ती वापरू नका. ती आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही, आणि ही नळी तर आतून बाहेरून पेट्रोलमध्ये बुडालेली असते. बाहेरचं रबर विरघळून जाळीत जातं आणि नळी निसटली की प्रेशर टाकीतच. टाकीत बुडवायची नळी वेगळी येते, तिच्यावर जे-३०-आर-१० असं छापलेलं असतं. वीतभर तुकड्याला ३५० रुपये मोजले. क्लॅम्प पण स्क्रूवाले चांगले, दोन ६० रुपयांना.

सगळं जुळवून, अजून प्लेट बंद न करता, जोडणी करून चावी दिली. झुंई मस्त. गाडीवर चढवलं, गेज लावलं, काटा हलायलाच तयार नाही. शून्य. मोटर फिरतेय, आवाज येतोय, नळी बसलेली, करंट दोन अँपिअर, प्रेशर मात्र नाही. रात्र झाली, तसंच ठेवलं.

२१ जुलै, सोमवार

उलटी फिरत होती. साधी डीसी मोटर, प्लस-मायनस उलटं दिलं तर उलटी फिरते, आवाज जवळपास तसाच, फक्त पेट्रोल पुढे ढकलत नाही. नव्या पंपासोबत आलेल्या वायरींचे रंग गाडीच्या वायरींशी जुळत नव्हते, काळी-पिवळी बघून मी काळी ती अर्थ धरली होती, आणि पंपासोबतच्या त्या वायरींत काळी प्लसला होती. पंपाच्या डोक्यावर पिनेशेजारी बारीक + उठवलेलं असतं, खोबणीत, मोबाइलने फोटो काढून मोठा केल्यावर दिसलं. रंगावर जाऊ नका, ती खूण बघा.

वायरी बदलल्या. गेज सरळ तीन बारवर, थरथर नाही. करंट ३.२ स्थिर. चावी बंद केल्यावर प्रेशर सावकाश उतरतंय. पहिल्याच सेल्फला गाडी चालू.

टाकीत फक्त दोन लिटर पेट्रोल टाकलं होतं. पेट्रोल कमी ठेवून फार फिरवायचं नाही, पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणूनच थंड राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात ते याच्यामुळे.

२३ जुलै, बुधवार

काल टाकी फुल केली आणि आज सकाळी पोर्चमध्ये पेट्रोलचा वास. प्लेटच्या कडेला ओलं. दोन लिटरवर गळत नव्हतं, पेट्रोल वर चढल्यावर गळायला लागलं.

प्लेटखालचा ओरिंग, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं, मी जुनाच वापरला होता. काढल्यावर तो पेट्रोलने फुगून खाचेपेक्षा मोठा झाला होता, दोन दिवस उघड्यावर ठेवल्यावर आकसला आणि बसला, म्हणून वाटलं चालेल. चालला नाही, एका जागी चिमटला होता. नवीन १८० रुपये. परत पेट्रोल काढा, परत टाकी उतरवा. बोल्ट समोरासमोर, मॅन्युअलमधल्या ५-६ न्यूटन मीटरला, म्हणजे छोट्या टी पान्याने नुसत्या बोटांच्या जोरावर. हातभर पान्याने आवळले तर प्लेट वाकते आणि मग कुठलाच ओरिंग धरत नाही.

झाकणाचं रबर पण नवीन मागवलं, तोपर्यंत पार्किंगमध्ये वरून प्लास्टिकची पिशवी. दिसायला गावठी, पण कोरडं राहतं.

२६ जुलै, शनिवार

श्रावण लागला, दोन दिवसांपूर्वीच्या गटारीनंतर मित्रमंडळी शहाण्यासारखी वागतायत, त्यामुळे सकाळी लवकर निघायला जोडीदार मिळाला. राधानगरी आणि परत, मुद्दाम चढांवर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून. एकही झटका नाही. पिकअप तर असा की गेले कित्येक महिने गाडी हळूहळू मरत होती आणि मला सवय झाली होती, हे आता कळतंय. मायलेज अजून काढायचंय.

३ ऑगस्ट, रविवार

जुना पंप कापून बघितला. दोन दिवस उन्हात, म्हणजे जेवढं पडलं तेवढ्यात, ठेवून पेट्रोल पूर्ण उडू दिलं आणि कडेचा वळवलेला पत्रा हॅक्सॉने सावकाश कापला. ग्राइंडर नाही, ठिणग्या उडतात.

आतला पंखा एका छोट्या चकतीएवढा, कडेला बारीक बारीक दाते. त्या दात्यांत गंजाची पूड बसलेली आणि बाजूच्या भिंतीवर गोल गोल ओरखडे, नख फिरवलं तर अडकतं. या पंख्याची आणि भिंतीची फट इतकी कमी असते की ती जरा झिजली की प्रेशर बनतच नाही. जाळी बारीक असली तरी सगळंच अडवत नाही. दुसऱ्या टोकाला मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश, एक झिजून स्प्रिंगच्या टोकाला आलेला, ते जिथे घासतात त्या कॉम्युटेटरवर काळे डाग. रट्टा दिल्यावर पंप चालू व्हायचा तो या ब्रशमुळे, आणि चढाला प्रेशर पडायचं ते पंख्यामुळे. नऊ व्होल्टवर रडतखडत चालवल्याने ब्रशवर ठिणग्या जास्त उडाल्या असणार असं मामांचं मत, मला पटतं.

खर्च: मोटर १,२५०, जाळी २८०, नळी ३५०, क्लॅम्प ६०, ओरिंग १८०, लिंबूसत्व १६०, काँटॅक्ट क्लीनर ३२०. झाले २,६००. पार्सल, रिक्षा, चहा आणि वाया गेलेलं पेट्रोल वेगळं. ते पाणी मिसळलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. गॅरेजवाल्याने त्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात घेतलं, ते पिंप भंगारवाला नाही, ऑइल गोळा करणारा नेतो. गॅरेजमध्ये अख्खं काम दिलं असतं तर असेंब्ली आणि मजुरी धरून आठ-साडेआठ हजार झाले असते. वाचलेले पैसे दिसतात, गेलेले शनिवार-रविवार बायकोला दिसतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सहाशे किलोमीटर झाले. टाकीच्या तळातून पेट्रोलचा नमुना नळीने काढून बाटलीत ठेवला, थर नाही, तळाला अगदी नगण्य काळपट कण. प्रेशर परत मोजलं, तीन बार. कनेक्टरवर ११.८ कायम. झाकणाचं नवं रबर आलं आणि बसलं, खोबणीत मगभर पाणी ओतून खाली लगेच येतं का ते बघितलं, येतं. खालच्या नळीच्या तोंडाला पितळेच्या जाळीचा तुकडा तारेने बांधलाय, माशी परत आली तर दुसरीकडे घर बघेल. चिखलाने ती जाळी बुजू शकते, त्यामुळे गाडी धुताना तिथे पाण्याचा एक फवारा.

एक राहिलंय. पंप काढताना वाकलेली फ्लोटची तार मी अंदाजाने सरळ केली होती, ती पुरेशी झाली नाही. टाकी फुल असताना काटा पाऊणवर, आणि रिझर्व्हचा दिवा लागतो तेव्हा टाकीत अजून चार लिटर असतं. त्याच्यासाठी परत सहा बोल्ट आणि परत नवा ओरिंग, एवढा उत्साह आता नाही. ओरिंग आणून ठेवलाय, दसऱ्याला गाडी धुवायला काढेन तेव्हा बघू.